मुंबईत व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन आणि डिजिटल ग्राफिक्स शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की हे प्रश्न सुरू होतात आणि प्रवेश संपेपर्यंत थांबत नाहीत. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही पालकांचे, काही दुसऱ्या वर्षात अडकलेल्यांचे. एका उत्तरात जे आलंय ते दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. व्हिडिओ प्रॉडक्शन, अ‍ॅनिमेशन आणि ग्राफिक्स हे एकच शिक्षण आहे की तीन वेगळी?

पाया एकच, पुढे वाटा वेगळ्या. चौकट कशी लावायची, नजर आधी कुठे जाते, प्रकाश, रंग, लय हे तिघांनाही शिकावं लागतं. नंतर व्हिडिओवाला कॅमेरा, आवाज आणि संकलनाकडे जातो. अ‍ॅनिमेशनवाला हालचालीकडे जातो. ग्राफिक्सवाला अक्षर, मांडणी आणि ओळखचिन्हांकडे जातो. मोशन ग्राफिक्स, म्हणजे बातम्यांच्या पट्ट्या, शीर्षकं, जाहिरातीतली हलती अक्षरं, हे तिन्हींच्या मधोमध आहे. मुंबईत वाहिन्या आणि जाहिरात संस्था इतक्या आहेत की या मधल्या कामाला मागणी राहते.

पहिल्या वर्षी तिन्ही करून बघा. ज्यात रात्री वेळेचं भान राहत नाही, ते तुमचं.

२. मी कॉमर्सचा आहे, गणित कच्चं आहे. सायन्स नसेल तर चालतं का?

चालतं. आयआयटीच्या बी.डेस.साठी (डिझाइनमधली पदवी) असलेली यूसीड ही प्रवेश परीक्षासुद्धा कुठल्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी देऊ शकतो. ती जानेवारीत होते, आयआयटी मुंबई घेते आणि सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणून पहिला प्रयत्न सहज बघू म्हणून वाया घालवू नका. तीत चित्र काढण्याचा भाग असतो, तसाच निरीक्षण आणि तर्काचाही असतो.

३. मुंबईत नेमकं कुठे शिकता येईल?

यादी मोठी आहे. मी फक्त प्रकार सांगतो, म्हणजे माहितीपत्रक हातात आलं की ते कुठल्या खणातलं आहे हे कळेल.

उपयोजित कलेची, म्हणजे जाहिरात आणि मांडणीच्या कलेची, वाट सर जे. जे.ची. १८५७ साली सुरू झालेली ही संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे. तिथली बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) चार वर्षांची आहे आणि ग्राफिक्सकडे जायचं असेल तर तिच्याइतकी भक्कम बैठक क्वचितच मिळते. प्रभादेवीचं रचना संसदही याच वाटेवरचं. तिथे आधी हात आणि नजर घडते, संगणक नंतर येतो.

डिझाइनची वाट पवईला, आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात. १९६९ची ही संस्था. पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन अ‍ॅनिमेशनमध्ये एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करता येतं.

मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत दोन मुख्य पदव्या आहेत. एक बीएएमएमसी (बीए मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन), जिला आपण अजून बीएमएम म्हणतो. दुसरी बीए फिल्म, टेलिव्हिजन अँड न्यू मीडिया प्रॉडक्शन. पहिलीत पत्रकारिता आणि जाहिरात जास्त आहे, दुसरीत प्रत्यक्ष निर्मिती. पुष्कळ मुलं नाव न वाचता पहिलीला जातात आणि दोन वर्षांनी कॅमेरा कधी हातात येणार म्हणून विचारतात.

खासगी चित्रपट संस्थांत गोरेगावच्या चित्रनगरीतलं व्हिसलिंग वूड्स सर्वांना माहीत आहे. तिथल्या फीचा विचार आधी करा, जागेची भूल नंतर पडू दे.

आणि एक नवी जागा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही केंद्र सरकारची संस्था २०२५मध्ये पेडर रोडला एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) आवारात सुरू झाली. हे आवार पूर्वीच्या, सरकारी माहितीपट बनवणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनचं. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली आपला कार्टून विभाग उभा केला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. भारतीय अ‍ॅनिमेशनचे आद्य गुरू राम मोहन त्याच विभागात तयार झाले. त्याच आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. प्रवेश कुठेही घ्या, एक दिवस तिथे जाऊन या.

४. क्लासचा डिप्लोमा करू की कॉलेजची पदवी?

बारावीनंतर सरळ येत असाल तर पदवी. स्टुडिओत कामावर घेणारा पदवी विचारत नाही, तुमचं काम बघतो, हे खरं आहे. पण वयाच्या पंचविसाव्या वर्षी एम.डेस. करावंसं वाटलं, परदेशात शिकायला जायचं ठरलं किंवा स्पर्धा परीक्षा द्यावीशी वाटली, तर पदवीवाचून दार उघडत नाही. मान्यताप्राप्त महाविद्यालय असेल तर लोकलच्या पासाची विद्यार्थी सवलत आणि सरकारी शिष्यवृत्तीही मिळते (प्रश्न ५ पाहा). कसारा किंवा विरारहून रोज येणाऱ्या घरात हा हिशेब लहान नसतो.

पदवी हातात असलेल्याला क्लासचा डिप्लोमा उपयोगी पडू शकतो. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा: मागच्या तुकडीतल्या मुलांनी स्वतः केलेलं काम, शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांनी केलेलं काम, आणि फी परत मिळण्याची अट लेखी. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याला नोकरी लागलेल्या पाच मुलांशी बोलायला द्या म्हणा. फी भरायला क्लासच एखाद्या वित्तकंपनीचं कर्ज काढून देत असेल तर सही करण्यापूर्वी कागद घरी आणा. क्लास आवडला नाही म्हणून सोडला तरी तो हप्ता चालूच राहतो, आणि मी मुलांना यात अडकताना पाहिलंय. क्लासबरोबर ‘विद्यापीठाची पदवीही’ मिळणार असेल, तर त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम मुंबईत किंवा दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी आहे का, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) संकेतस्थळावर स्वतः पाहा.

५. फी परवडत नाही. शिष्यवृत्ती आहे का?

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी कॉलेजचं आणि अभ्यासक्रमाचं नाव शोधा. तिथे ते नसेल तर राज्याची शिष्यवृत्ती मिळणार नाही, क्लासवाले काहीही सांगोत. मुलींसाठी महत्त्वाचं: २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅपमधून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचा अभ्यासक्रम ‘व्यावसायिक’मध्ये मोडतो का, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारा. बीएएमएमसी आणि बी.एफ.ए. यांचं उत्तर सारखं येईलच असं नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र निकालाआधीच काढून ठेवा.

६. मला चित्र काढता येत नाही. अ‍ॅनिमेशन जमेल का?

थ्रीडी, संकलन, कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका चौकटीत बेमालूम जोडणं), मोशन ग्राफिक्स यांत सुबक चित्राची गरज नाही. पण बघता आलंच पाहिजे आणि बघण्याची सवय रेखाटनाने लागते. काड्यांची माणसं चालतील, ती तोल सावरताना दिसली की झालं.

सकाळी भाऊच्या धक्क्यावर जा. कोळीण मासळीची पाटी उचलते तेव्हा आधी काय होतं ते बघा. ती पाटीकडे सरळ हात घालत नाही. डोक्यावर चुंबळ बसवते, पाय थोडे फाकवते, गुडघ्यात खाली जाते. समोरचा माणूस हात देतो. पाटी वर येताना मान ताठ, पण कंबर एका बाजूला सरकते. पाटी डोक्यावर टेकल्यावरही अंग एक क्षण खाली दबतं, मग ती सरळ होते. पहिलं पाऊल लहान पडतं. उचलण्याआधीचा तो खाली जाणारा क्षण आणि टेकल्यानंतरचं ते दबणं तुम्ही गाळलंत, तर पाटी कितीही सुंदर रंगवा, ती थर्माकोलची वाटेल. अ‍ॅनिमेशनची तत्त्वं वर्गात शिकवतात, ती इथे डोळ्यांपुढे घडत असतात. पाच पाच सेकंदांची रेखाटनं करा, चेहरा काढू नका, फक्त पाठीची रेषा आणि पाय.

शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा देऊन टाका.

७. कुठला लॅपटॉप घेऊ?

पहिल्या सत्रात घेऊ नका. कॉलेजची लॅब वापरा आणि कुठल्या वाटेला जाताय ते ठरू द्या. थ्रीडीला ग्राफिक्स कार्ड दणकट लागतं. संकलनाला १६ जीबी रॅम ही सुरुवात, ३२ असेल तर सुख, आणि एसएसडी हवीच. ग्राफिक्सला पडद्याचे रंग अचूक हवेत, त्याचं वर्णन बघताना ‘एसआरजीबी १०० टक्के’ हे शब्द शोधा. लॅपटॉप रोज लोकलमधून न्यायचा नसेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो. लॅमिंग्टन रोडवर दोन-चार दुकानांत भाव काढा आणि पक्कं बिल घ्या. साठवणुकीचा हिशेबही धरा: १०० एमबीपीएसचं चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी खातं.

८. सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? सगळे क्रॅक वापरतात.

क्रॅक, म्हणजे परवाना तोडलेली चोरीची प्रत, वापरू नका. त्यातून व्हायरस येतात, आणि चांगले स्टुडिओ परवान्याच्या बाबतीत कडक असतात. थ्रीडीला ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. संकलन आणि रंगांसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पदवी होईपर्यंत पुरते. चित्रांना क्रिटा, व्हेक्टरला, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या चित्रांना, इंकस्केप आहे. अडोबी लागलंच तर कॉलेजकडे परवाना आहे का ते विचारा.

९. प्रोजेक्टला पाच मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करायची आहे. एका सत्रात होईल का?

एकट्याने होणार नाही. आधी हिशेब मांडा.

हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन सेकंदाला २४ फ्रेमने (म्हणजे स्थिर चौकटींनी) चालतं. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. एका चित्राला रेखाटन, साफ रेषा आणि रंग मिळून २० मिनिटं धरली तर एका मिनिटाच्या फिल्मला २४० तास. रोज चार तास बसलात तर साठ दिवस, आणि यात पार्श्वभूमी नाही, आवाज नाही, चुकलेली चित्रं नाहीत. पाच मिनिटं म्हणजे तीनशे दिवस.

थ्रीडीत हात सुटतो पण यंत्र अडवतं. २५ फ्रेमने दहा सेकंद म्हणजे २५० फ्रेम. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करायला, सहा मिनिटं लागली तर पंचवीस तास. सादरीकरणाच्या आदल्या रात्री रेंडर लावणाऱ्यांचं काय होतं ते यावरून कळेल.

म्हणून चाळीस ते साठ सेकंदांची गोष्ट निवडा. पात्रं दोन, जागा एक. आधी स्टोरीबोर्डची, म्हणजे गोष्टीची प्रसंगवार, चित्रं आवाजासह सलग लावून अ‍ॅनिमॅटिक करा आणि ते मित्रांना दाखवा. गोष्ट इथे कळली नाही तर रंगवल्यावरही कळणार नाही, आणि या टप्प्यावर बदल फुकट असतो. थ्रीडीवाल्यांनी आधी निम्म्या रिझोल्यूशनने चाचणी रेंडर काढावा, पिक्सेल चौथाईवर येतात. शेवटचा रेंडर एका व्हिडिओ फाइलमध्ये कधीही काढू नका, एकेक चित्र वेगळं साठवा. वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल.

१०. घरातल्या ट्यूबलाइटखाली शूट केलं की व्हिडिओत पट्टे का येतात?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, त्या तालात नसेल तर पट्टे किंवा लुकलुक दिसते. फ्रेमदर २५ ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१०० करा. बरेच फोन आपोआप ३०वर असतात, तिथेच घोळ होतो. उन्हात १/५०ला चित्र पांढरं पडेल, तेव्हा शटर वाढवण्याऐवजी एनडी फिल्टर (लेन्सवरची काळसर काच) लावा. काही स्वस्त एलईडी दिवे तरीही लुकलुकतात, ते बदलणं हाच उपाय.

११. सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं फुटतात. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त अस्वस्थही करतो. ‘विठ्ठल’ लिहिलं की वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षराचे दोन तुकडे होऊन मध्ये हलन्त लोंबतो, आणि तेच तसं मोठ्या पडद्यावर जातं. तिथे इंग्रजी स्पेलिंगची चूक कुणी खपवून घेतली नसती.

कारण साधं आहे. देवनागरी लिहिलेल्या क्रमाने दिसत नाही, सॉफ्टवेअरला ती जुळवावी लागते. ती जुळवणी अनेकदा बंद असते. अडोबीच्या प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मग प्रोग्राम बंद करून उघडा आणि अक्षरं नव्याने टाइप करा.

त्यानंतरच्या चुका आपल्या हातच्या असतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षरागणिक उडी मारणारे तयार इफेक्ट लावू नका, जोडाक्षरं चिरफाळतात, शब्दागणिक हलवा. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, तो देणारा फॉन्ट निवडा. जुन्या ग्राहकाकडून आलेला मजकूर अगम्य चिन्हांसारखा दिसत असेल तर तो श्रीलिपीसारख्या युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि शब्दन् शब्द तपासा.

चांगल्या फॉन्टसाठी लांब जायला नको. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने मुक्ता आणि बालू हे फॉन्ट खुल्या परवान्यावर दिलेत. संगणकावर वर्षानुवर्षं दिसणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, आणि त्यांनी पवईला आयडीसीत शिकवलं. आपल्या लिपीचं इतकं काम या शहरात झालेलं असताना फुटकी अक्षरं पडद्यावर जाऊ देऊ नका.

१२. मरीन ड्राइव्हवर, लोकलमध्ये किंवा ड्रोनने शूटिंग करायला परवानगी लागते का?

सार्वजनिक जागेत प्रोजेक्टसाठी ट्रायपॉड, दिवे, कलाकार घेऊन उभे राहणार असाल तर लागते. चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, ती चित्रनगरी चालवणारं महामंडळ पाहतं. रेल्वेचं वेगळं: स्टेशन किंवा गाडी पश्चिम रेल्वेची असेल तर पश्चिमच्या, मध्यची असेल तर मध्यच्या जनसंपर्क विभागाकडे जावं लागतं. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र आणि ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असू द्या. ड्रोनचा विचार विद्यार्थी प्रोजेक्टसाठी सोडूनच द्या. विमानतळ आणि नौदलाच्या जागा जवळ आहेत, आणि शहरात पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात.

गर्दीच्या वेळी कॅमेऱ्याची पेटी घेऊन दादरला चढायचा प्रयत्न करू नका. पहाटेचं शूट ठेवा, उजेडही तेव्हाच चांगला असतो.

१३. शोरील कशी करू?

शोरील म्हणजे तुमच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ. साठ ते नव्वद सेकंद. सर्वोत्तम शॉट पहिला, बरा शॉट काढून टाका. प्रत्येक शॉटवर तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा: फक्त प्रकाशयोजना, फक्त कंपोझिटिंग, जे असेल ते. यूट्यूबवर शिकवलेला डोनट किंवा स्फोट जसाच्या तसा टाकू नका, बघणाऱ्याने तो शेकडो वेळा पाहिलाय. शेवटी नाव आणि ईमेल. ग्राफिक्सवाल्यांनी रीलऐवजी सहा-आठ कामांचा पोर्टफोलिओ करावा आणि त्यात एक तरी मराठी काम असावं.

१४. कॉलेजसाठी केलेल्या फिल्मचे हक्क कोणाचे? तिच्यात जुनं मराठी गाणं वापरलं तर चालेल का?

हक्कांचं उत्तर तुमच्या प्रवेश अर्जात किंवा प्रोजेक्टच्या कागदात असतं. काही संस्था हक्क स्वतःकडे घेतात. सही करण्यापूर्वी ते कलम शोधा, आणि निदान महोत्सवात पाठवण्याची व शोरीलमध्ये वापरण्याची मुभा लेखी मागा.

गाण्याबद्दल: ‘जुनं आहे’ म्हणजे मोकळं आहे असं नाही. १९५७च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कवी १९७७ साली गेला असेल तर त्याचे शब्द २०३७ संपेपर्यंत संरक्षित आहेत. वर्गात शिकण्यासाठी कायद्यात सवलत आहे. तीच फिल्म यूट्यूबवर किंवा महोत्सवात गेली की त्या सवलतीवर विसंबू नका. कॉलेजात गाणारी, तबला वाजवणारी मुलं असतात, त्यांच्याकडून नवं करून घ्या आणि लेखी संमती ठेवा.

१५. एआय आल्यावर हे शिकण्यात अर्थ उरला का?

उरलाय, पण शिकण्याचा भर बदलला पाहिजे. पार्श्वभूमी कापणं, वायर पुसणं अशी सुरुवातीची कंटाळवाणी कामं वेगाने यंत्राकडे जाताहेत, आणि नवी मुलं आजवर त्याच पायरीवरून वर चढायची. हे मला काळजीचं वाटतं. तेव्हा फक्त साधनाची बटणं शिकवणारा अभ्यासक्रम टाळा. गोष्ट, मांडणी, हालचालीची जाण (प्रश्न ६) यांवर वेळ देणारा घ्या. एआय वापरलंत तर कुठे वापरलं ते प्रोजेक्टमध्ये लिहा.

१६. मध्येच सोडावं लागलं तर वर्षं फुकट जातात का?

नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या पदवीत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी आणि चारला ऑनर्स अशी सोय आहे. त्यासाठी त्या टप्प्याचे क्रेडिट पूर्ण हवेत आणि बाहेर पडताना सांगितलेलं जादा काम करावं लागतं. क्रेडिट तुमच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होताहेत ना, हे दर सत्राला बघा. क्लासच्या डिप्लोमाला ही सोय नाही.

१७. मला रंगांधळेपणा आहे. मला प्रवेश नाकारतील का?

फक्त त्या कारणावरून नाकारला तर हा निकाल दाखवा. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेने रंगांधळेपणामुळे एका उमेदवाराला संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला होता. तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२२मध्ये न्यायालयाने रंगांधळ्या उमेदवारांना संस्थेच्या सगळ्या अभ्यासक्रमांना प्रवेश द्यावा असा निर्णय दिला.

कामाचं म्हणाल तर संकलन, ध्वनी, अ‍ॅनिमेशन, पटकथा यांत अडचण फार येत नाही. कलर ग्रेडिंग आणि छपाईचे रंग यांत येते. तिथे वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप हे उजेडाचे आणि रंगांचे आलेख वाचायला पक्कं शिका, कारण चेहऱ्याचा रंग कुठल्या रेषेवर यायला हवा हे ते आलेख दाखवतात आणि चांगल्या नजरेचे लोकही त्यांच्यावरच भिस्त ठेवतात. रंगफलक निवडताना आकड्यांची नोंद ठेवा, आणि शेवटचा प्रिंट एका वर्गमित्राला दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका.